जीपीएसडीओचा पीपीएस परत परत सरकतो? केबल डिलेला हात लावण्याआधी हे बघा

जीपीएसडीओ म्हणजे जीपीएस उपग्रहांच्या वेळेला बांधलेलं घड्याळ, पीपीएस ही त्याची दर सेकंदाची पल्स, आणि केबल डिले म्हणजे अँटेनाच्या केबलमध्ये सिग्नलला लागणाऱ्या वेळेची भरपाई करणारा आकडा. "पीपीएस सरकतोय, केबल डिले किती टाकू?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतं. त्यांना हसायचा अधिकार मला नाही, कारण मी स्वतः जवळपास दोन महिने हाच उद्योग केला आहे. एका रविवारी 110 नॅनोसेकंद, पुढच्या रविवारी 95, मग परत 104. दर वेळी दोन दिवस सगळं जागेवर बसल्यासारखं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो. ट्रिंबल कंपनीचा थंडरबोल्ट हा जुना जीपीएसडीओ, सेकंडहँड घेतलेला. तो 10 मेगाहर्ट्झ देतो आणि दर सेकंदाला एक पल्स, म्हणजे पीपीएस. पडताळणीसाठी एक जुना रुबिडियम, म्हणजे रुबिडियम अणूंवर चालणारं घड्याळ, आणि मोजायला एचपी 53131ए काउंटर. अँटेना पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, आणि तिथून घरापर्यंत 25 मीटर आरजी-6, डिश टीव्हीवाले ओढतात तीच केबल. 75 ओहमची आहे म्हणून नाकं मुरडू नका, थंडरबोल्टचं अँटेनाचं सॉकेटच एफ-टाइपचं आहे.

आता मुद्दा. केबल डिले किंवा पीपीएस ऑफसेट ही सेटिंग फक्त एकाच प्रकारची चूक दुरुस्त करू शकते: जी रात्रंदिवस, उन्हापावसात तेवढीच राहते अशी. जी चूक येते-जाते, रोज दुपारी वाढते किंवा दर वेळी लाईट गेल्यावर उगवते, तिच्यावर हा आकडा फिरवणं म्हणजे मागेपुढे होणाऱ्या घड्याळाचे काटे रोज बोटाने सरकवणं. म्हणून आधी दोन गोष्टी लिहून काढा. चूक नेमकी किती आहे, आणि ती कोणत्या तालावर येते. नव्वद टक्के वेळा ह्या दोनच उत्तरांत गुन्हेगार सापडतो.

आकडा काय सांगतो

मोठ्या चुकांपासून सुरुवात करू, कारण त्या सोप्या असतात.

बरोब्बर 18 सेकंदांचा फरक दिसला तर तुमचं यंत्र जीपीएस वेळ दाखवतंय आणि तुम्ही ती यूटीसीशी, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेशी, ताडून पाहताय. जीपीएसची मोजणी 6 जानेवारी 1980 ला सुरू झाली आणि त्यानंतर यूटीसीत अधूनमधून जादा घातलेले सेकंद, म्हणजे लीप सेकंद, तिने घेतलेले नाहीत. 1 जानेवारी 2017 पासून हा फरक 18 सेकंदांचा आहे. पण अशी सेकंदांची चूक सुरू केल्यावर थोडा वेळच दिसते आणि मग आपोआप जाते, असं असेल तर यंत्रात बिघाड नाही. लीप सेकंदांची माहिती उपग्रहाच्या संदेशात एका ठरावीक पानावर येते, आणि पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर रिसीव्हर त्याच्या फर्मवेअरमध्ये भरलेला जुना आकडा वापरतो. जुनं फर्मवेअर असेल तर पहिली दहा-बारा मिनिटं वेळ दोन-तीन सेकंद चुकीची, मग टुणकन बरोबर. संगणकाचं घड्याळ ह्या वेळेवर चालत असेल तर सुरू केल्यावर पाव तास त्याला जोडूच नका.

तारीख 1024 आठवडे मागे गेली असेल तर तो आठवड्यांच्या मोजणीचा प्रश्न. संदेशात आठवड्याला फक्त 10 बिट आहेत, त्यामुळे दर 1024 आठवड्यांनी, म्हणजे साधारण 19.6 वर्षांनी, मोजणी शून्यावर येते. थंडरबोल्टवाल्यांना हा धक्का 30 जुलै 2017 ला बसला. त्या दिवसापासून यंत्र 1997 मधली तारीख दाखवू लागलं. पीपीएस आणि 10 मेगाहर्ट्झला काहीही होत नाही. लेडी हेदर ह्या प्रोग्राममध्ये तारीख दुरुस्त करून घ्या आणि विसरून जा.

नेमक्या 1 सेकंदाची चूक जवळजवळ नेहमी संदेशाची असते. सिरियल पोर्टवरून येणारी वेळ नुकत्याच झालेल्या पल्सची आहे की पुढे येणाऱ्या पल्सची, हे प्रत्येक रिसीव्हरचं वेगळं असतं. मॅन्युअल उघडा, अंदाज करू नका.

100 मिलिसेकंद? चुकीची कड पकडली आहे. यू-ब्लॉक्स कंपनीच्या जीपीएस मॉड्यूलची पल्स, उपग्रहांशी लॉक झाल्यावर, मुळातच 100 मिलिसेकंद रुंद असते आणि सेकंदाची सुरुवात चढत्या कडेवर असते. तुम्ही उतरती कड मोजताय, किंवा मधल्या ट्रान्झिस्टरने सिग्नल उलटा केलाय. थंडरबोल्टची पल्स फक्त 10 मायक्रोसेकंद रुंद, त्यामुळे तिथे हीच चूक 10 मायक्रोसेकंदांची दिसते. शिवाय पीसीच्या सिरियल पोर्टला इतकी अरुंद पल्स कधी दिसते, कधी दिसत नाही. तिथे आधी पल्स रुंद करणारं छोटं सर्किट लावावं लागतं.

आता नॅनोसेकंदांकडे. इथे खरी डोकेदुखी सुरू होते.

लाईट गेली की चूक येते

आमच्याकडे गुरुवारी लाईट जाणं ही जुनी परंपरा आहे, त्यामुळे ह्या प्रकाराचा मला दांडगा अनुभव आहे.

जीपीएसडीओ पल्स कशी बनवतो ते आधी डोळ्यांसमोर आणा. 10 मेगाहर्ट्झची एक कोटी आवर्तनं मोजली की एक पल्स. एक आवर्तन 100 नॅनोसेकंदांचं. मोजणारा काउंटर जागेवर आणायचा तर तो अख्ख्या आवर्तनानेच हलतो, म्हणजे 100 नॅनोसेकंदांच्या उडीने. त्याहून बारीक दुरुस्ती करायला ऑसिलेटरच, म्हणजे 10 मेगाहर्ट्झ देणारा क्रिस्टलच, किंचित जलद किंवा हळू चालवावा लागतो. ऑसिलेटर अब्जात एक भाग जलद केला तर 100 नॅनोसेकंद भरून यायला 100 सेकंद लागतात. म्हणून नुकतीच सुरू केलेली पेटी "लॉक" म्हणत असली तरी पल्स अजून जागेवर सरकतच असते. त्यात एकसारखं तापमान ठेवणाऱ्या ओव्हनमधला हा क्रिस्टल थंड होऊन पुन्हा तापला की त्याची वारंवारता लगेच पूर्वीच्या जागी येत नाही, तासन् तास रेंगाळते. सुरू केल्यानंतर पहिले 24 तास घेतलेलं कोणतंही माप मी वहीत लिहितो, पण त्यावरून काहीही ठरवत नाही.

ह्यातूनच एक गोष्ट निघते जी फार जणांना माहीत नसते. केबल डिलेचा आकडा बदलला की पेटी तो फरक भरून काढायला ऑसिलेटर हलवते. म्हणजे तुम्ही वेळ दुरुस्त करताना तेवढा काळ 10 मेगाहर्ट्झ बिघडवता. कुणी त्याच वेळी त्यावर वारंवारता मोजत असेल तर त्याचं माप गेलं. शेजारच्या टेबलावर विचारून मगच एंटर दाबा.

10 मेगाहर्ट्झवरून बाहेर वेगळा डिव्हायडर, म्हणजे ती वारंवारता भागून पल्स बनवणारं सर्किट, लावून दुसरा पीपीएस काढला असेल, तर दर वेळी चालू केल्यावर तो वेगळ्या जागी बसणारच. पीआयसी मायक्रोकंट्रोलरवर बनवलेले डिव्हायडर आपलं क्लॉक चाराने भागून चालतात, त्यामुळे 10 मेगाहर्ट्झवर त्यांची पायरी 400 नॅनोसेकंदांची. मूळ पीपीएसशी सिंक केलं तरी त्या पायरीच्या आत तो कुठेही बसू शकतो. ही चूक ऑफसेटने घालवता येत नाही. दर वेळी मोजून नोंदवायची, दुसरा मार्ग नाही.

एका मित्राचं कोडं मात्र मजेदार होतं. त्याच्याकडे यू-ब्लॉक्सच्या मॉड्यूलवर बांधलेला घरगुती जीपीएसडीओ आहे. अर्धा तास लाईट गेली तर काही होत नसे. पण सुट्टीत गावाला जाऊन आला की पीपीएस 70 नॅनोसेकंदांनी उशिरा. आधी उष्णतेवर संशय, मग कनेक्टरवर. शेवटी आकडा बघितला. त्याने केबल डिले 120 भरला होता, आणि यू-ब्लॉक्सचा मूळ आकडा 50 असतो. 120 वजा 50, झाले 70. सेटिंग वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत साठवलीच नव्हती, ती बॅकअप बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत होती, आणि बोर्डावरची ती चिमुकली बॅटरी अर्धा तास तग धरायची, आठवडा नाही. थंडरबोल्टमध्येही तेच: आकडा बदलल्यावर तो ईईप्रॉममध्ये साठवायची वेगळी आज्ञा द्यावी लागते. नाही दिली तर पुढच्या गुरुवारी सगळं पहिल्यासारखं.

करवतीचे दात

मॉड्यूलवाल्यांसाठी अजून एक, थंडरबोल्टवाल्यांनी हे सोडून पुढे जा. यू-ब्लॉक्सच्या एम8टीसारख्या मॉड्यूलचं आतलं क्लॉक 48 मेगाहर्ट्झचं असतं. पल्स त्याच्या एखाद्या टिकवरच बाहेर पडू शकते, म्हणून ती खऱ्या सेकंदाच्या आगेमागे सुमारे 10 नॅनोसेकंदांपर्यंत हलते. आलेख काढला तर करवतीचे दात दिसतात. एरवी सरासरीत हे निघून जातं. पण कधीकधी आतल्या क्लॉकची वारंवारता अशा जागी येते की दात पडायचेच थांबतात आणि पल्स काही मिनिटं एकाच बाजूला लटकून राहते. मग तुमचा ऑसिलेटर बिचारा त्या खोट्या सेकंदाच्या मागे जातो. खोलीचं तापमान बदलताना हे वारंवार होतं, त्यामुळे लोक पंख्याला आणि एसीला दोष देतात.

मॉड्यूल प्रत्येक पल्सची ही चूक पिकोसेकंदांत आधीच सांगतं. ती वजा करा. पण वजा की अधिक, आणि ह्या पल्सला की पुढच्या, ह्यात गल्लत झाली तर आजार औषधाने वाढतो. पारख सोपी आहे: दहा मिनिटांची मापं घ्या, दोन्ही चिन्हं आणि एक सेकंद मागेपुढे असे सगळे पर्याय कागदावर लावून बघा. ज्यात विखुरणं ठळकपणे कमी होतं तो बरोबर.

मोजणाऱ्याची चूक

पेटीला दोष देण्याआधी काउंटर तपासा. 53131ए सारख्या काउंटरवर ऑटो ट्रिगर चालू असेल तर तो सेकंदातून एकदाच येणारी पल्स बघून ट्रिगरची पातळी भलतीकडेच ठेवतो. तो बंद करा आणि पातळी हाताने ठरवा, पल्सच्या उंचीच्या साधारण मध्यावर. केबलच्या टोकाला 50 ओहम लावलेत का बघा. नाही लावले तर परावर्तनामुळे कडेवर पायऱ्या पडतात, आणि ट्रिगर नेमका पायरीवर आला की आकडा उगाच नाचतो. टेबलावरच्या केबलचंही विसरू नका. आरजी-58 दर मीटरला 5 नॅनोसेकंद खाते. एका चॅनेलला एक मीटर आणि दुसऱ्याला तीन मीटर लावून मी एकदा 10 नॅनोसेकंदांचा "दोष" शोधत बसलो होतो.

रुबिडियमशी तुलना करत असाल तर त्याचा स्वतःचा उतार आधी काढून टाका. रुबिडियम दहा हजार कोटींत एक भाग जरी चुकला तरी दिवसाला 864 नॅनोसेकंद सरकतो. त्या उतारावर चढलेली छोटी लाट शोधायची असते, आणि नुसत्या डोळ्याने ती दिसत नाही.

चार मिनिटांची परीक्षा

आता माझ्या स्वतःच्या दुखण्याकडे येतो. उतार काढल्यावर एक लाट दिसायची, टोकापासून टोकापर्यंत 25 नॅनोसेकंदांच्या आसपास, दिवसातून एकदा मोठा उंचवटा, दुपारी. दुपार म्हटल्यावर माझा पहिला संशय उन्हावर. केबलवर सावली केली. पेटी थर्माकोलच्या खोक्यात ठेवली. फरक शून्य. मग मी केबल डिले फिरवायला लागलो, ती कथा वर आलीच आहे.

दोन महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक लावल्या तेव्हा लक्षात आलं की तो उंचवटा आता दुपारी नव्हताच. तो सकाळी साडेदहाला येत होता. सुरुवातीला अडीच वाजता यायचा. रोज सुमारे चार मिनिटांनी लवकर, साठ दिवसांत चार तास.

ही चार मिनिटं हेच गुपित. जीपीएसचे उपग्रह आकाशात त्याच जागी 24 तासांनी परत येत नाहीत, सुमारे 23 तास 56 मिनिटांनी येतात, ताऱ्यांसारखेच. ऊन, एसी, ऑफिसची वेळ, शेजारचा वेल्डर हे सगळे भिंतीवरच्या घड्याळाने चालतात. म्हणून दोन आठवडे नोंदी ठेवायच्या. उंचवटा रोज त्याच वेळी आला तर तापमान, वीज, माणूस किंवा आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, त्याबद्दल शेवटी). रोज चार मिनिटं आधी सरकला तर गुन्हा उपग्रहांच्या वाटेवर: अँटेनाची जागा, किंवा आजूबाजूच्या वस्तूंवरून परावर्तित होणारे सिग्नल. परीक्षेपुरता रिसीव्हर फक्त जीपीएसवर ठेवा, कारण ग्लोनास आणि गॅलिलिओ ह्या इतर उपग्रह यंत्रणांची वेळापत्रकं वेगळी आहेत आणि तिन्ही मिसळली की हा ताल ऐकू येत नाही.

गच्चीवर गेलो. उन्हाळ्यात सोसायटीने वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. कामगारांनी अँटेनाचा पाइप काढून चार मीटर पलीकडे, जिन्याच्या खोलीला खेटून, व्यवस्थित घट्ट बसवून दिला होता. काम इतकं नीटनेटकं की मला खालून संशयही आला नाही. वर नवी पाण्याची टाकी आणि तिचा लोखंडी सांगाडा, अगदी शेजारी.

वेळेसाठी वापरायचा रिसीव्हर आपली जागा एकदाच ठरवतो. थंडरबोल्ट मूळ सेटिंगप्रमाणे 2000 मापांची सरासरी घेतो आणि मग ती जागा पक्की धरून सगळी मेहनत फक्त वेळेवर लावतो. अँटेना हलली हे त्याला कुणी सांगत नाही. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो, म्हणजे चार मीटरची चूक एकेका उपग्रहासाठी 13 नॅनोसेकंदांपर्यंत. आकाश चारही बाजूंनी मोकळं असतं तर पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या उपग्रहांच्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. माझ्याकडे जिन्याच्या खोलीने अर्धं आकाश झाकलेलं, त्यामुळे उरलेल्या अर्ध्यातल्या उपग्रहांची चूक तशीच पल्सवर यायची, आणि उपग्रह बदलतील तशी बदलायची. उंचीतली चूक आणखी लबाड असते. उपग्रह नेहमी आपल्या वरच असतात, त्यामुळे ती कापली जात नाही आणि स्थिर ऑफसेटसारखी दिसते. मग लोक ती केबल डिलेत "दुरुस्त" करतात.

उपाय दोन तासांचा होता. पाइप पुन्हा मोकळ्या कोपऱ्यात नेला, अँटेना टाकीच्या वर येईल इतकी उंच केली, जुने एफ कनेक्टर कापून नवे लावले आणि त्यांवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळली. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की सिग्नल आधी कमजोर होतो आणि मग आठवडाभराने मरतो, हा वेगळाच छळ. त्यानंतर नवा सर्व्हे, म्हणजे रिसीव्हरला आपली जागा पुन्हा ठरवायला लावणं. घाई नसेल तर सर्व्हे एक अख्खा दिवस चालू द्या.

आता आकडा टाका

हे सगळं झाल्यावरच केबल डिले. फोमवाली आरजी-6 मीटरला साधारण 4.1 नॅनोसेकंद घेते, म्हणून माझ्या 25 मीटरला 102. आरजी-58 असेल तर मीटरला 5. चिन्हाकडे डोळे उघडे ठेवून बघा. थंडरबोल्टमध्ये वजा आकडा टाकला की पल्स आधी येते, म्हणजे मला वजा 102 टाकावे लागतात. यू-ब्लॉक्समध्ये अँटेना केबलचा विलंब सरळ धन आकड्यात द्यायचा. चिन्ह चुकलं तर चूक दुप्पट होते, आणि लांबीच्या हिशेबाच्या बरोब्बर दुप्पट आकडा दिसला की हेच समजायचं.

अँटेनाच्या आतल्या फिल्टरलाही विलंब असतो, काही दहा नॅनोसेकंदांचा, आणि तो छापलेला क्वचितच मिळतो. त्यामुळे घरी बसून "माझा पीपीएस यूटीसीच्या 5 नॅनोसेकंदांत आहे" असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावतो आणि चहा मागवतो. ट्रिंबलसुद्धा थंडरबोल्टसाठी 20 नॅनोसेकंद म्हणते, तेही एक सिग्मा, म्हणजे साधारण तीनपैकी दोनच वेळा. पल्स यूटीसीला बांधायची की जीपीएसला, हेही एकदा ठरवून ठेवा. 26 जानेवारी 2016 ला काही उपग्रहांनी यूटीसीच्या फरकाचे चुकीचे आकडे पाठवले आणि यूटीसीला बांधलेल्या पेट्या जगभर सुमारे 13 मायक्रोसेकंद सरकल्या. जीपीएस वेळेला बांधलेल्या जागेवर राहिल्या. मी तेव्हापासून प्रयोगासाठी जीपीएस वेळच ठेवतो.

नव्या सर्व्हेनंतर माझी लाट 25 वरून 10 च्या आत आली. जी उरली ती चार मिनिटांनी सरकत नाही, रोज त्याच वेळी येते, दुपारनंतर चढते आणि रात्री उतरते. हा आयनोस्फिअर. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि त्याच्या उत्तरेला इलेक्ट्रॉनांचा जो दाट पट्टा तयार होतो तो आपल्या डोक्यावरून पसरलेला असतो. एल1 ह्या जीपीएसच्या मुख्य फ्रिक्वेन्सीच्या सिग्नलला 100 टीईसी युनिट (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं माप) म्हणजे 54 नॅनोसेकंदांचा उशीर, आणि एका फ्रिक्वेन्सीवर चालणारा रिसीव्हर उपग्रहाने पाठवलेल्या ढोबळ सूत्राने त्यातला साधारण निम्माच भाग काढू शकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर तर सिग्नल लुकलुकतातही. त्यावर दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर हा खरा उपाय, आणि तो घ्यायचा नसेल तर मापं पहाटे घ्या. मी एक ते पाच ह्या वेळेतली सात रात्रींची सरासरी काढली, वजा 102 मध्ये चार नॅनोसेकंदांची दुरुस्ती केली, ईईप्रॉममध्ये साठवली, आणि गच्चीवरच्या पाइपला एक पाटी बांधली: हलवण्याआधी दुसऱ्या मजल्यावर सांगा.